बेर शेवातला आमचा गणपती आणि पहिल्या मजल्यावरच्या बेने इस्राएल आजी

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही इस्राएलमध्ये बेर शेवाला राहतो. नवरा विद्यापीठात संशोधनाला, मी घरून कॉम्प्युटरचं काम करते, मुलगी पहिलीत. इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर एक आजी एकट्याच राहतात, वय ऐंशीच्या पुढे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. जन्म रेवदंड्याचा, मग भायखळ्याला काही वर्षं, आणि साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इकडे. ओळख झाली ती तळघरातल्या मिकलातमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या वेळी आसरा घ्यायच्या खोलीत. जुन्या इमारतींत घरात सुरक्षित खोली नसते, त्यामुळे सायरन वाजला की अख्खा जिना खाली उतरतो. मी मुलीवर ओरडत होते, "चप्पल राहू दे, आधी चल!" तेवढ्यात पुढून आवाज आला, "अगो, पोरीला पायात काय तरी घालू दे. खाली काचा असतात." मला वाटलं भास झाला.

त्या दिवसापासून त्या आमच्या आजी. (युद्ध आणि राजकारणावर इथे कृपया नको, त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहताहेत.)

मिरजेत आमच्या गल्लीत दर्गा, मारुती आणि चर्च सगळं हाकेच्या अंतरावर होतं, त्यामुळे वेगळ्या धर्माचे शेजारी मला नवीन नाहीत. पण तिथे कुणी कुणाकडे काय खायचं, कुठे थांबायचं, हे न विचारता माहीत असायचं. इथे मला ते माहीत नाही, आणि आजींना प्रत्येक वेळी विचारायला संकोच वाटतो. परवा त्यांनी वालाचं बिरडं पाठवलं, म्हणाल्या "रोजाचं आहे". मी चाटून पुसून खाल्लं, पण कसला रोजा ते कळलं नाही. शुक्रवारी दुपारी बस बंद होतात त्या शनिवारी अंधार पडल्यावर सुरू होतात, याची सवय झाली. शनिवारी आजी आमच्या दारात येतात आणि म्हणतात, "आत काळोखच झालाय बाई आज." मग मी खाली जाऊन काही न बोलता दिवा लावून येते. त्या 'दिवा लाव' असं कधी म्हणत नाहीत. हे बरोबर चाललंय ना?

आता मुख्य अडचण. त्यांच्या नातवाने अश्कलोनला नवीन घर घेतलंय, तिथे मलिदा नावाचा त्यांचा विधी आहे, आम्हाला तिघांना बोलावलंय. काय घालून जायचं, काय न्यायचं, हात जोडायचे का?

दुसरं, सप्टेंबरात आमच्याकडे गणपती. मूर्ती सासूबाईंनी पेणहून आणवली, शाडूची, वीतभर. आजींना बोलवावं असं मला फार वाटतं, पेणची म्हटल्यावर त्यांना आनंद होईल. नवरा म्हणतो, "मूर्ती बघून अवघडतील, कशाला त्यांना पेचात टाकतेस?" सासूबाई फोनवर म्हणतात, "प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही." दोघांचंही पटत नाही. बोलावलं तर अपमान, की न बोलावणं हाच अपमान?

आणि दारातली रांगोळी. मी दरवर्षी स्वस्तिक काढते.

---

हैफावाला

ताई, तुम्ही उगाच टेन्शन घेताय. मी इथे नऊ-दहा वर्षं आहे. बेने इस्राएल लोक म्हणजे आपलीच माणसं. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. मलिदा म्हणजे पोहे, नारळ, केळी, खजूर, आपला सत्यनारायणच की, फक्त पोथी हिब्रूतली. बिनधास्त हात जोडा, बिनधास्त मोदक खिलवा. देव एकच आहे, नावं वेगळी. इथली माणसं तोंडावर बोलतात, पगार किती, भाडं किती, दुसरं मूल कधी, सगळं जिन्यात विचारतात. आजींना नको असेल तर त्या सरळ 'नको' म्हणतील.

बाय द वे, आमच्या हैफात शनिवारीही काही बस धावतात. बेर शेवा सोडा, इकडे या.

---

अश्दोदची काकू

मिरजकरीणबाई, तुझा प्रश्न वाचून चष्मा पुसला आणि लिहायला बसले. मी अलिबागच्या इस्राएल आळीतली. लग्न होऊन ठाण्याला गेले, टेंभी नाक्याजवळच्या आमच्या सिनेगॉगात माझ्या थोरल्याची सुंता झाली, मग ऐंशी सालच्या सुमारास इकडे. तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

आधी हैफावाले दादा. राग मानू नका, पण मलिदा म्हणजे सत्यनारायण नव्हे. ताट सारखं दिसतं म्हणून पूजा सारखी होत नाही. मलिदात पूजा नसतेच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती पाच तरी फळं, सुवासाला गुलाब नाहीतर सब्जाची पानं. हझ्झान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रूत प्रार्थना म्हणतो, एलियाहू हनबीचं गाणं होतं, मग झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी. केळं आमच्यात झाडाचं फळ धरत नाहीत, ते जमिनीच्या बेराखात जातं, लहानपणी यावरून आम्ही भावंडं भांडायचो. आभार देवाचे मानायचे. एलियाहू हा नबी, त्याला साक्षीला बोलावतो, त्याला नैवेद्य दाखवत नाही. आमचे जाणते लोक याचं नातं येरुशलेमच्या मंदिरात वाहायच्या पिठा-तेलाच्या अर्पणाशी सांगतात. इथले काही रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाक मुरडतात की हे तुम्ही हिंदूंकडून उचललंत. आणि तिकडचे लोक कौतुकाने म्हणतात, वा, आमच्यासारखंच! दोघांच्या मध्ये आम्ही.

हे मी चिडून लिहीत नाही, पण नव्या पिढीला माहीत असावं. आमच्या जुन्या सांगण्याप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ती जागा आजही आहे, वर स्मारक बांधलंय. पोथ्या बुडाल्या, पण शनिवार, सुंता, खवले-परांचा मासा आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढं राहिलं. कोकणात आम्ही तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले म्हणून लोक शनवार तेली म्हणाले. कुणी त्रास दिला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. माझ्या आजीच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, आणि दाराच्या चौकटीला मेझुझा, आमच्या धर्मवचनाची डबी. घरात मोशेचं, योसेफाचं कीर्तन व्हायचं, साकी-दिंडी-ओवीत, टाळ वाजवून. चाल तुमची, गोष्ट तोऱ्हातली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली. कुणाला त्यात अडचण वाटली नाही.

अडचण इकडे आली. १९६२ मध्ये इथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा. इथे लग्न धर्माच्याच हाती, तुमच्यासारखं नोंदणी कचेरीत जाऊन होत नाही. त्यामुळे ज्यू आहोत की नाही हा प्रश्न थेट लग्नाच्या मांडवात आला. आमची माणसं येरुशलेमला रस्त्यावर बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने सांगितलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. तुझ्या आजींच्या घरच्यांनी ते दिवस पाहिले असणार. आता विचार कर, अशा बाईला कुणी प्रेमाने म्हणालं, "आजी, तुमचं आमचं एकच", तर तिला काय वाटेल? चांगलंही वाटेल आणि टोचेलही.

म्हणून बोलव. जरूर बोलव. पण ती वेगळी आहे हे तुला माहीत आहे, असं तिला दिसू दे.

आमच्या आळीला लागून एक सोनार कुटुंब होतं. गणपतीत त्यांच्याकडे माझे वडील दरवर्षी जायचे. ओटीवर बसायचे, मखराचं तोंड भरून कौतुक करायचे, मूर्तिकाराची चौकशी करायचे. हात जोडायचे नाहीत, आरतीला थांबायचे नाहीत, आणि ते कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. आरतीची वेळ झाली की सोनारकाकाच म्हणायचे, "चला, तुम्हाला दुकान उघडायचं असेल." आमच्यासाठी अख्खा नारळ, गूळ आणि तांदूळ नैवेद्याच्या आधीच बाजूला काढलेले असायचे. आई घरी त्याचे आमच्या पद्धतीने गोड करायची. आमच्या नव्याच्या सणाला चिकाचा हलवा व्हायचा, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध, तो त्यांच्याकडे जायचा, आणि ते खायचे.

मुद्दा प्रसादाचा आहे. मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न आम्हाला वर्ज्य, एवढंच. यात तुमच्या देवाचा अपमान नाही, तो आमच्यावरचा नियम आहे. हा नियम किती खोल जातो त्याचं एक उदाहरण देते. आमच्या कर्मठ बायका लग्नानंतर केस झाकतात, बऱ्याच जणी टोप घालतात. २००४ मध्ये कळलं की त्या टोपांचे केस तिरुपतीला अर्पण केलेले असू शकतात. मोठ्या रब्बींनी निर्णय दिला आणि बायकांनी महागडे टोप चौकात आणून जाळले. मला स्वतःला ते जाळणं अजिबात आवडलं नव्हतं. पण तुझ्या सासूबाईंना सांग, प्रसादाला 'नाही' म्हणणारी माणसं असतात आणि ती उर्मट नसतात.

दुसरी बाजूही ऐक. २००७ मध्ये दिल्लीत आणि २००८ मध्ये येरुशलेमला हिंदू आचार्य आणि इथले मुख्य रब्बी समोरासमोर बसले. येरुशलेमच्या निवेदनात लिहिलंय की हिंदू एकाच परमेश्वराला भजतात, सगुण-निर्गुण दोन्ही रूपांत, आणि याचा अर्थ ते अनेक देव किंवा मूर्ती पुजतात असा होत नाही. आचार्यांनी 'मूर्ती टाकतो' म्हटलं नाही, रब्बींनी 'प्रसाद खातो' म्हटलं नाही. मला ते आवडलं.

आता तुझे बारीक प्रश्न.

मलिदाला साधा पंजाबी ड्रेस चालेल, डोक्यावर ओढणी घे. नवऱ्याला दारात किप्पा, म्हणजे छोटी टोपी, देतील, तो घालू दे. कुंकू, फुलं, उदबत्ती नेऊ नकोस. ताटाला हात जोडायचे नाहीत, ताट काही देव नाही. बेराखा संपली की सगळे "आमेन" म्हणतील, तूही म्हण, आणि पानावर येईल ते मजेत खा. तुझ्या धर्माला त्यातून काही होत नसेल तर आमच्या धर्मालाही नाही. न्यायला खजुराचं बंद पाकीट, त्यावर कोशरचा, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांत बसतं याचा, शिक्का बघून. नाहीतर अख्खी फळं. घरी केलेल्या वड्या नकोत. तू शाकाहारी असलीस तरी तुझं स्वयंपाकघर कोशर होत नाही. भांडी, चीज, वाईनचं व्हिनेगर, पालेभाजीतले किडे, शंभर भानगडी असतात. आजी कदाचित खातीलही, आमच्यातले बरेच जण मध्यममार्गी, पण नातसून कशी आहे तुला माहीत नाही. चार लोकांत पेच नको.

दिवा: तू करतेस ते अगदी बरोबर. शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीला, तिने तुला काम सांगायचं नाही, पण काळोख झालाय एवढं ती म्हणू शकते. आत गेलीस की तुला स्वतःला दिसावं म्हणून लावलास असं समज. आणि निघताना चुकूनही बंद करू नकोस हो.

बिरडं: तो बिरड्याचा रोजा, म्हणजे तिशा बेआव. येरुशलेमचं मंदिर दोन्ही वेळा पडलं त्या शोकाचा उपास. श्रावणात तुम्ही बिरडं कराल तेव्हा एक वाटी खाली पाठव, म्हणजे तुझ्या डब्यात नव्हे, तिच्या.

स्वस्तिक दारात नको. एवढं एक ऐक. देवघरात काढ, देवासमोर काढ, त्या निवेदनातही हिंदूंचं स्वस्तिक पवित्र आणि हजारो वर्षं जुनं असल्याचं मान्य केलंय. पण जिना सगळ्यांचा आहे. तुझ्या वरच्या मजल्यावर पोलंडहून आलेली कुणी म्हातारी असेल, तिने लहानपणी ते चिन्ह कशावर पाहिलं ते तुला ठाऊक आहे. तिला तू पायरीवर उभी राहून इतिहास समजावणार का? कमळ काढ, मोर काढ.

---

म्हसळेकर

मी म्हसळ्याचा, सध्या कुवेतला. काकूंचं वाचून घरची आठवण झाली. आमच्या दर्ग्यावर उरसाला मलिदा असतो, पण तो गव्हाचा, कुस्करून, तुपागुळाचा. तुमचा पोह्यांचा हे आजच कळलं. एलियाहू म्हणजे आमचे हजरत इल्यास, कुराणात नाव आहे.

प्रसादाबद्दल आमच्या मोहल्ल्यातली रीत जवळपास काकूंच्या आळीसारखीच. समोरचे कुळकर्णी आमच्याकडचं शिजवलेलं खात नसत, म्हणून ईदला आई त्यांना कोरडं सामान पाठवायची. शेवया, साखर, खारीक, चारोळी आणि दुधाचे पैसे. दूध त्यांचं, पातेलं त्यांचं, शिरखुर्मा आमचा. मोठा झाल्यावर शहरातल्या मित्रांनी सांगितलं की हा भेदभाव आहे. असेलही. जातीपोटी न खाणं आणि नियमापोटी न खाणं यात फरक करायला हवा, आणि कुळकर्ण्यांच्या बाबतीत तो कुठला होता हे मी खात्रीने सांगणार नाही. पण आईला विचाराल तर ती म्हणेल, सामान पाठवायचं कधी चुकलं नाही आणि त्यांनी कधी परत केलं नाही.

काकू, तुमच्याकडेही 'रोजा' आणि 'उरूस' म्हणतात का?

---

अश्दोदची काकू

म्हणतात की. 'तू बिश्वात' नावाच्या सणाला, म्हणजे झाडांच्या नववर्षाला, आमचे जुने लोक 'एलियाहू हनबीचा उरूस' म्हणायचे. अलिबागजवळ खंडाळ्याला कातळ आहे, त्याला एलियाहू हनबीचा टापा म्हणतात. नबी तिथून रथातून वर गेला, घोड्याची टाप आणि चाकाची खूण कातळावर उमटली असं सांगतात. नवस फेडायला, मलिदा करायला इथून विमानाने लोक जातात. कोकणात राहून दोन्हीकडचं थोडं थोडं लागणारच, म्हसळेकर.

कुळकर्ण्यांचं तुम्ही बरोबर लिहिलंत. आमच्यातही 'गोरे इस्राएल, काळे इस्राएल' होतं, आणि गोरे काळ्यांच्या ताटात जेवत नसत. त्याला धर्माचा नियम म्हणायचा मला धीर होत नाही.

---

हैफावाला

काकू, टोमणा पोचला, पण मी मागे हटत नाही. सगळे असे आपापल्या रेषेच्या आत उभे राहिले तर जवळ कधी येणार? माझ्या ऑफिसातली एक ज्यू मुलगी आणि एक अरब ख्रिश्चन मुलगा लग्नासाठी सायप्रसला जाऊन आले, कारण इथे त्यांचं लग्न लावायला कुणी नाही. बाहेर केलेलं लग्न सरकार नोंदवून घेतं, इथे होऊ देत नाही. भारतात १९५४ पासून विशेष विवाह कायदा आहे. रेषा ओढणाऱ्यांनी हेही बघावं.

---

अश्दोदची काकू

लग्नाच्या कायद्याबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. त्या जाचाची किंमत आमच्या लोकांनी मोजली आहे, वर लिहिलंच. सरकारने माणसांवर रेषा ओढणं वेगळं आणि मी माझ्या ताटाभोवती ओढणं वेगळं. पहिली पुसा, मी मदतीला येते. दुसरी माझी आहे.

आणि दादा, जवळ येण्याचं म्हणाल तर माझे वडील त्या सोनारकाकांच्या अंत्ययात्रेत खांदा द्यायला होते. प्रसाद त्यांनी तोवरही खाल्ला नव्हता.

---

पंचांगप्रेमी

पुण्याहून. धर्मचर्चेत मला गती नाही, पण तारखांकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही आणि ताईंना तीच मोठी अडचण येणार आहे.

गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. ज्यूंचं नववर्ष रोश हशाना ११ च्या संध्याकाळी सुरू होऊन १२ आणि १३ ला आहे. म्हणजे त्यांचा तिश्री आणि आपला भाद्रपद यंदा एकाच अमावस्येनंतर लागतात. असं दरवर्षी होत नाही. गेल्या वर्षी रोश हशाना २२ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागला, त्या दिवशी आपली घटस्थापना होती, म्हणजे तिश्रीला जोड अश्विनाची. दोन्ही पंचांगं चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांची सांगड घालतात, पण जास्तीचा महिना वेगवेगळ्या वेळी घालतात. आपण यंदा अधिक ज्येष्ठ घातला, त्यामुळे भाद्रपद पुढे सरकला. त्यांचा अदार महिना २०२७ च्या सुरुवातीला दुहेरी होईल. त्यांचं गणित १९ वर्षांत ७ असं ठरलेलं आहे.

व्यवहारात याचा अर्थ: १४ तारखेला, ऐन चतुर्थीला, त्यांचा गदल्याचा उपास आहे, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. आजी पाळत असतील तर दिवसा त्यांच्यासमोर काहीच ठेवू नका. योम किप्पूर, म्हणजे त्यांचा प्रायश्चित्ताचा मोठा उपास, २० च्या संध्याकाळपासून २१ च्या रात्रीपर्यंत, म्हणजे दहा दिवसांचा गणपती असेल तर मधोमध. आणि २५ तारखेला अनंत चतुर्दशी, शुक्रवार. त्याच संध्याकाळी शब्बाथ आणि सुक्कोत, म्हणजे त्यांचा मांडवांचा सण, दोन्ही लागतात.

म्हसळेकरांच्या पंचांगात अधिक महिनाच नाही, त्यामुळे त्यांचे सण सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. तो विषय पुन्हा कधीतरी.

---

मिरजकरीण

पंचांगप्रेमी, तुमचे उपकार कसे फेडू! चतुर्थीलाच दुपारी आजींना बोलवायचं ठरवलं होतं. आता दीड दिवसाचा गणपती ठेवतो. १५ ला मंगळवारी संध्याकाळी विसर्जन, बादलीतच, कारण आमच्या वाळवंटात नदी कोरडी. आजींना १५ ला सकाळी बोलावते, आरती आटोपल्यावर. योम किप्पूरच्या आधी सगळं आवरलेलं असेल. मागच्या वर्षी त्या दिवशी हमरस्त्यावर एक गाडी नव्हती आणि लेक बाकीच्या पोरांबरोबर मधोमध सायकल चालवत होती. तेव्हा मोठ्याने आरती म्हणायची माझी छाती झाली नसती.

काकू, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. "मग माझंच बरोबर होतं," म्हणाला. मी म्हटलं, "अर्धं. तू न बोलावण्यापर्यंत आला होतास." सासूबाईंना तिरुपतीच्या केसांचं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आम्ही नाही का उपासाला कांदा वर्ज्य करत, तसंच त्यांचं." म्हटलं, साधारण तसंच. त्यांना पूर्ण पटलेलं नाही, पण नारळ नैवेद्याच्या आधी बाजूला काढायचं त्यांनीच सुचवलं, काकूंचं मी अजून सांगितलंही नव्हतं.

रांगोळी मोराची काढते. आमच्या वर खरंच एक आजोबा आहेत, पोलंडमधल्या लोद्झ शहराचे.

दोन शंका राहिल्या. आजींबरोबर त्यांचा मुलगा आला तर? तो येरुहामला असतो, काळा कोट, काळी टोपी, एकदम कडक. आणि मोदकांसाठी बेर शेवात चांगली पिठी कुठे मिळेल? मागच्या वेळी उकड फाटली.

---

अश्दोदची काकू

मुलाचं आईला विचार, तुझं तू ठरवू नकोस. "आजी, मूर्ती हॉलमध्ये आहे, तुमच्या लेकाला चालेल का, की आपण स्वयंपाकघरात बसू?" असं सरळ. कडक माणूस मूर्ती असलेल्या खोलीत येणार नाही, दारातूनच आईला सोडून जाईल. त्याला हसून "शाना तोवा" म्हण, नववर्ष नुकतंच झालेलं असेल, तो खूश होईल. हात मिळवायला पुढे करू नकोस, परक्या बाईला ते हात लावत नाहीत. आजींना खुर्ची मूर्तीकडे तोंड करून न देता बाजूला दे. म्हणजे त्या वाकून चपला काढत असल्या तरी कुणापुढे वाकल्यासारखं होणार नाही. आमच्यात यावरही चर्चा होते, हसू नकोस.

चहा कागदी पेल्यात, दुधाशिवाय.

पिठी आशियाई दुकानात घे, थायलंडची मिळते. घेताना चिकट तांदळाची नाही ना ते दुकानदाराला विचार, दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात. तुझी उकड त्यानेच फाटली नसेल कशावरून? पिठाइतकंच पाणी, त्यात चमचाभर तूप, पिठी टाकल्यावर झाकण ठेवून आच बंद, आणि गरम असतानाच मळायची. बेर शेवाची हवा कोरडी आहे, मोदक वळताना बाकीच्या उकडीवर ओलं फडकं टाक.

---

हैफावाला

पिठी रामल्याच्या भारतीय दुकानातही मिळते. मी रविवारी तिकडे चाललोय, बेर शेवापर्यंत येणार आहे. आणू का? बदल्यात मोदक. प्रसादाचे, मला चालतात.